उस्तादांचा शब्द

"ये... ये... येऊ दे... अगं सावकाश, सिस्टर! गाडीत बाळंतीण बसलीय असं समजून चालव!"

मोटारीच्या आरशात उस्तादांचा उघडा पंजा दिसत होता. पंजा दिसतोय तोवर गाडी घेत राहायची, मूठ दिसली की जागच्या जागी थांबायचं, एवढंच दोघांत ठरलेलं होतं. मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरचं, म्हणजे त्यांच्या फिरत्या घराचं, उताराकडचं चाक पिवळ्या रॅम्पवर इंचाइंचाने चढत होतं आणि खालचं ओलं गवत चिरडल्याचा आवाज येत होता.

मूठ दिसली. सिस्टरांनी ब्रेक दाबून धरला.

उस्तादांनी रॅम्पखाली पाचर ठोकली, पलीकडच्या चाकाला पुढून-मागून अडसर लावले, मग मोटार सोडवून ट्रेलरच्या नाकाखालचा जॅक फिरवला. आत जाऊन बेसिनशेजारी चिकटवलेली पाणसळ बघून आले आणि हात झटकत म्हणाले, "बुडबुडा मधोमध. आता खुशाल पाय पसरून झोप. माझा शब्द आहे."

सिस्टर जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि उस्ताद बसचे ड्रायव्हर. उस्ताद हे नाव डेपोतल्या पोरांनी पाडलेलं. तरुणपणी खांद्याचं हाड मोडून ते वॉर्डात दाखल झाले. सगळे पेशंट म्हणत तसं तेही 'सिस्टर, सिस्टर' म्हणत राहिले. हाड जुळलं, लग्न जुळलं, पण तोंडातला शब्द काही सुटला नाही. "बायकोला बहीण म्हणणारा पहिलाच बघितला," असं म्हणून नातेवाईक आधी हसले, नंतर तेही सिस्टरच म्हणायला लागले.

निवृत्तीनंतर उस्तादांनी हा जुना ट्रेलर घेतला. पत्रा ठोकला, खिडक्या बसवल्या, आत पलंग आणि शेगडी केली. चार-पाच वर्षं दोघं नदी-डोंगर हिंडली. मग एका सकाळी स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबवून उस्तादांनी विचारलं, "इथनं कुठं वळायचं गं?"

डॉक्टरांनी रोगाचं नाव नंतर सांगितलं. सिस्टरांना ते त्या वळणावरच कळलं होतं. त्यांनी घरी येऊन हात पुढे केला आणि उस्तादांनी मुकाट्याने किल्ली त्या हातावर ठेवली. ते भांडले असते तर परवडलं असतं, असं सिस्टरांना आजही वाटे. साठी उलटल्यावर त्या मोटार शिकल्या. चालवणं त्यांच्याकडे आलं, औषधं-पैसे तर होतेच. ट्रेलर समतल करणं तेवढं उस्तादांचं राहिलं होतं. त्यात त्यांचा हात अजून चुकत नव्हता.

ही जागा नवी होती. डोंगराच्या उतारावर तीन टप्पे कापून कॅम्प केलेला. वरच्या टप्प्यावर मॅनेजरची खोली आणि फाटक, मधला मोकळा, आणि सगळ्यात खालच्या टप्प्यावरून नदी दिसे. हंगाम सरला होता. महिनाभर पाऊस लागून नुकताच उघडला होता. खालच्या टप्प्यावर त्यांच्याखेरीज एकच ट्रेलर होता, एका बेकरीवाल्या बाईंचा. नवरा वारल्यावर बेकरी विकून बाई इथे येऊन राहिल्या होत्या, पण हाताची सवय जाईना. छोट्या भट्टीत रोज पाव भाजायच्या आणि दिसेल त्याला वाटायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिस्टरांना जाग आली ती अंगावर भार आल्याने. उस्ताद झोपेत घसरत येऊन त्यांना भिंतीशी दाबत होते. त्यांना बाजूला सारून सिस्टर उठल्या, तोच कपाटाचं दार आपोआप उघडलं. हळूच, आतून कुणी बोटाने ढकलावं तसं. त्यांनी ते लावलं. ते पुन्हा उघडलं.

पाणसळीतला बुडबुडा मधल्या रेघेपासून सरकला होता.

उस्ताद उठून बाहेर गेले आणि रॅम्पशी उकिडवे बसून म्हणाले, "मी नीट लावलं होतं."

"हो, लावलं होतंत की."

"वॉर्डातला आवाज काढू नकोस. मी नीट लावलं होतं."

"मी कुठं नाही म्हणतेय?" सिस्टर त्याच आवाजात म्हणाल्या. आवाज बदलायचा त्यांनी प्रयत्न केला होता. तो बदलला नाही.

पुन्हा मोटार जोडली, पुन्हा पंजा, पुन्हा मूठ. या खेपेला चाक रॅम्पवर आणखी वर चढवावं लागलं. तिन्हीसांजेला कपाटाचं दार पुन्हा उघडलं.

मॅनेजर टप्प्यावरून खाली उतरून आला. भला माणूस, पण कायम घाईत. "जमीन भिजलीय ना मॅडम, रॅम्प रुततोय. दुसरं काय असणार? फळ्या देतो, त्या खाली टाका."

फळ्या टाकल्या. रॅम्प रुतायचं काही कारण उरलं नाही. तरी दुसऱ्या सकाळी बुडबुडा सरकलेलाच होता आणि उस्ताद अंथरुणात नव्हते.

सिस्टर शाल गुंडाळून बाहेर आल्या. धुक्यात उस्ताद गवतावर पालथे पडले होते, एक कान जमिनीला लावून. सिस्टरांनी धावत जाऊन आधी नाडी धरली.

"गप्प," उस्ताद म्हणाले. "ऐक."

"काय ऐकू?"

"लांबची खेप करून आलेली बस बंद केल्यावर कशी कुरकुरते? तसं खालून येतंय. सिस्टर, जमीन हलतेय."

सिस्टरांनी कान लावला नाही. त्यांना दिसत होता तो ओल्या बनियनमधला, डोळे ताणून पडलेला आपला माणूस. वॉर्डात अशी माणसं त्यांनी पाहिली होती. कुणाला भिंतीतून पाणी ऐकू यायचं, कुणाला पलंगाखाली घोडा दिसायचा. दुखणं एक पायरी खाली उतरलं, एवढंच त्यांच्या मनात आलं. यांनीच रात्री उठून पाचर काढली असणार, आणि काढली हे विसरले असणार. त्यांनी उस्तादांना आत नेलं, अंग पुसलं, गरम चहा दिला.

थोड्या वेळाने बेकरीवाल्या बाई फडक्यात पाव घेऊन आल्या. "ताई, सकाळी काका असे जमिनीवर का हो पडले होते? बरं आहे ना?"

सिस्टरांनी मागे बघितलं. उस्ताद आत होते. बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांना विसरायला होतं हो. हल्ली नाही नाही ते भासतं. काही बोलले तर मनावर घेऊ नका."

"अगं बाई! माझ्या सासऱ्यांचं शेवटी तसंच झालं होतं." बाईंनी सिस्टरांच्या दंडावर हात ठेवला. "काळजी करू नका, मी सांभाळून घेईन."

सिस्टरांना हलकं वाटलं. कुणाशी तरी बोलल्यावर वाटतं तसं.

दुपारी उस्ताद स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून बाईंच्या दाराशी गेले. सिस्टर कपडे वाळत घालत होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तुमचं बिऱ्हाड वरच्या टप्प्यावर हलवा. ही जमीन धड नाही. मी घाटात गाडी चालवलेला माणूस आहे, सरकता रस्ता मला पायाला कळतो."

"हो हो काका!" बाई मोठ्याने, शब्द सुटे करत म्हणाल्या, बहिऱ्याशी किंवा लहान मुलाशी बोलावं तसं. "उद्या हलवू हं आपण! आता पाव खायचा का? गरम आहे बघा!"

उस्ताद पाव घेऊन परत आले. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"तिला काय सांगितलंस?"

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या.

तो पाव तसाच वाळून गेला.

त्या रात्री सिस्टरांनी मनाशी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. पेशंटची नाडी त्याच्या नकळत बघायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. सकाळी दोघांनी मिळून ट्रेलर पुन्हा समतल केला. पाचर सिस्टरांनी स्वतः ठोकली. बुडबुडा स्वतः बघितला, दोनदा. दाराला कुलूप घातलं आणि म्हणाल्या, "चला, धरणावर जाऊन येऊ."

दिवसभर त्यांनी उस्तादांना नजरेआड होऊ दिलं नाही. दोघांनी धरणाच्या भिंतीवर बसून डबा खाल्ला. उस्ताद खुशीत होते. एक जुनी खेप, एक दारुडा कंडक्टर आणि छतावरची शेळी असा किस्सा त्यांनी अगदी बिनचूक सांगितला. सिस्टर हसल्या, पण मन दुसरीकडेच होतं. बुडबुडा मधोमध असू दे, असं त्या म्हणत होत्या. लगेच लक्षात आलं की तो मधोमध असला तर नवरा पुरता गेला, आणि नसला तर... नसला तर काय, तिथे त्यांचा विचार पुढे जाईना.

उन्हं कलायच्या आत दोघं परतली. कुलूप जसंच्या तसं होतं. दार मात्र उघडेना, चौकटीत आवळून बसलं होतं. सिस्टरांनी खांदा लावून ते उघडलं. कपाट उघडं पडलं होतं आणि आतले कपडे जमिनीवर आले होते. पाणसळीत बुडबुडा दिसेचना. तो पार एका टोकाला जाऊन चिकटला होता. पाचर जागेवरच होती, अडसरही. फळ्यांसकट, रॅम्पसकट सगळंच नदीकडे कललं होतं.

जमीन न्याहाळत त्या कॅम्पच्या सामाईक न्हाणीघराकडे चालत गेल्या. न्हाणीघराची पायरी भिंतीपासून सुटली होती. तिथून टप्प्याच्या आतल्या कडेने गवत उसवलेल्या शिवणीसारखं फाटत गेलेलं, थेट बेकरीवाल्या बाईंच्या ट्रेलरमागून पुढे. सिस्टरांनी भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि बोटांना काहीच लागलं नाही. खालून गार वारा येत होता. आणि कुरकुर. अगदी बारीक, पण होती.

त्या धावत परत आल्या.

"अहो, तुमचं खरं होतं."

उस्तादांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. "मग बोलत काय बसलीस? गाडी मागं घे. ती बाई कुठंय?"

"मी जाते तिच्याकडे. तुम्ही जोडायची तयारी करा."

बाई कणीक मळत होत्या. सिस्टरांनी त्यांचा हात धरून त्यांना पिठाच्या हातांनीच बाहेर आणलं आणि भेग दाखवली.

"ही होय?" बाई म्हणाल्या. "ही मी आले तेव्हापासून आहे. पावसानं थोडी वाढली असेल."

"बाई, यात माझा हात गेला. ट्रेलर राहू दे, पर्स घ्या आणि चला आमच्याबरोबर."

"आत्ता? अहो, उद्या दुपारी माझा भाचा येतोय मोटार घेऊन. त्याला सांगते वर ओढायला. माझ्याकडे कुठं मोटार आहे?"

"उद्यावर नको. हे कालपासून सांगताहेत..."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं. सिस्टरांना ते ओळखीचं वाटलं. याच चेहऱ्याने त्या स्वतः गेले दोन दिवस उस्तादांकडे बघत होत्या.

"ताई, तुम्हीच नाही का म्हणालात, मनावर घेऊ नका म्हणून?"

"मी चुकले. त्यांना काही झालेलं नाही. माझ्याच डोक्यात भलतं भरलं होतं." आयुष्यात इतकं धडधडीत खोटं सिस्टर कधी बोलल्या नव्हत्या. "ते ठणठणीत आहेत."

बाईंनी पलीकडे बघितलं. उस्ताद पॅंटच्या एका पायाची घडी करून, दुसरा पाय चिखलात लोळवत, मोटारीच्या हूकशी काहीतरी पुटपुटत होते. बाईंनी हात फडक्याला पुसले आणि आवाज खाली आणला. सिस्टरांनी आणला होता तसाच.

"ताई, तुम्ही दमला आहात. अशा माणसाबरोबर चोवीस तास राहिलं की आपलंही डोकं तसंच चालायला लागतं. मी सासऱ्यांपायी हे भोगलंय. आज रात्री शांत झोपा. सकाळी मी पाव घेऊन येते."

"मी सांगतेय तुम्हाला, चला!"

हा वॉर्डातला दुसरा आवाज. याने डॉक्टर धावत येत, नातेवाईक गप्प बसत. बाई नुसत्या हसल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

सिस्टर ट्रेलर ओढून काढू लागल्या. मोटारीची चाकं ओल्या गवतावर गरगर फिरू लागली आणि मागचं घर नदीकडे आडवं ओढ घेऊ लागलं. "पिळू नकोस! अर्ध्या क्लचवर घे!" मागून हाक आली. आरशात उघडा पंजा होता. सिस्टर त्या पंजाकडे बघत राहिल्या आणि पाय उस्ताद सांगतील तसा सोडत गेल्या. ट्रेलर रॅम्पवरून धप्पकन उतरला, एकदा डुलला आणि निघाला. उस्ताद मागे चालत होते, हात उभा धरून, थेट वरच्या फाटकापर्यंत.

सिस्टर मॅनेजरच्या खोलीत शिरल्या. भेग म्हटल्यावर तो उठला, टॉर्च घेऊन खाली जाऊन आला. परत आला तेव्हा त्याचा रंग उतरलेला होता. "बाई ऐकत नाहीत हो. म्हणतात, त्या सिस्टरच घाबरल्यात, त्यांच्या मिस्टरांचं तुम्हाला माहीतच आहे. उद्या सकाळी मी स्वतः त्यांना उचलून आणतो. इंजिनीयरलाही फोन केलाय."

उस्ताद दोनदा फाटकातून खाली जायला निघाले. दोन्ही वेळा सिस्टरांनी त्यांना दंडाला धरून मागे आणलं. "मॅनेजर बघतोय," त्या म्हणाल्या.

उजाडता उजाडता आवाज झाला. स्फोट नाही, कडकडाट नाही. मोठ्या पोत्यातून कुणी धान्य ओतावं तसा एक लांबच लांब आवाज, आणि तो थांबल्यावर पाण्यात काहीतरी पडल्याचा. दोघं बाहेर आली तेव्हा मधल्या टप्प्याच्या खाली काहीच नव्हतं. गवत होतं तिथे ताजी लाल माती होती, आणि धुक्यात ताज्या भाजलेल्या पावाचा वास होता. मॅनेजर अनवाणी पळत गेला आणि कडेला जाऊन उभाच राहिला.

बाई नदीच्या खालच्या वळणावर सापडल्या. भाचा दुपारी आला तेव्हा त्याला सांगायला सिस्टरच पुढे झाल्या. वाईट बातमी द्यायची कशी, हे त्यांना ठाऊक होतं. त्याने विचारलं, "मावशीला कुणी सांगितलं नव्हतं का?" सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं होतं." त्यापुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

निघताना मॅनेजरने उस्तादांपुढे हात जोडले. "काका, तुम्ही सांगत होता, आम्ही ऐकलं नाही." उस्तादांनी गोंधळून सिस्टरांकडे बघितलं. हा कोण, आणि आपण याला काय सांगितलं होतं, असं त्या नजरेत होतं.

त्यांची मुलगी येऊन दोघांना आपल्या घरी घेऊन गेली. ट्रेलर विकला. उस्ताद झपाट्याने उतरत गेले. नातवंडांची नावं गेली, जिना गेला, सकाळ-संध्याकाळचा फरक गेला. एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती कुठे अडकून राहिली होती कोण जाणे. संध्याकाळ झाली की ते बूट शोधू लागायचे.

"कुठं निघालात?"

"त्या बेकरीवाल्या बाईला सांगायचं राहिलंय."

पहिल्यांदा सिस्टरांनी खरं सांगितलं. उस्ताद पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. दुसऱ्या दिवशी बूट शोधू लागले तेव्हा पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. मुलगी वैतागली. "आई, कशाला छळतेस त्यांना? म्हणावं, सांगितलंय तिला, बसा आता. नाहीतर टीव्ही लावून दे. त्यांचं बोलणं इतकं मनावर घेऊ नकोस ना."

सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी उस्ताद पलंगाच्या कडेवर बसले होते, उजवा बूट डाव्या पायात घालायची खटपट करत. सिस्टर खाली जमिनीवर बसल्या. गुडघे वाजले. बूट काढून त्यांनी बरोबर पायात घातला आणि वर बघितलं.

"काय सांगायचंय तिला? मला सांगा. नीट सगळं सांगा."

उस्तादांनी बराच वेळ शब्द जमवले. मग एकेक करून, घाई न करता म्हणाले, "म्हणावं, बाई, जमीन हलतेय. सामान राहू दे. भांडीकुंडी काही घेऊ नका. तुम्ही या."

मध्ये ते दोनदा अडले. सिस्टरांनी शब्द पुरवला नाही, मानही हलवली नाही, फक्त ऐकत राहिल्या. बाहेर अंधारून आलं होतं. कुणी दिवा लावला नव्हता.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

सिस्टरांनी दुसरा बूट ओढून घेतला आणि नाडी बांधू लागल्या.